पार्श्वभूमी : ३१०७ क्रमांकाची रिकामी जागा

कोल्हापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टला बसलेली मुलं पहिल्यांदा मायटोकाँड्रियाचा डीएनए संगणकावर माणसाच्या संदर्भक्रमाशी अक्षर-अक्षर जुळवून बघतात, तेव्हा एका ओळीपाशी हमखास अडखळतात. "सर, प्रत्येक सॅम्पलमध्ये ३१०७ क्रमांकाचं अक्षर गायब आहे." गायब काही नाही. तिथे कधी काही नव्हतंच.

मायटोकाँड्रिया, म्हणजेच तंतुकणिका, हे पेशीचं ऊर्जाघर, हे शाळेपासून पाठ असतं. या ऊर्जाघराचा रायबोसोम, म्हणजे प्रथिनं घडवणारं यंत्र, वेगळा, आणि त्याचा माल दोन ठिकाणांहून येतो. १२एस आणि १६एस हे आरएनए घरचे, म्हणजे तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएवरून घडलेले. ऐंशीच्या आसपास प्रथिनं मात्र केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर घडतात आणि आत आणली जातात. एवढा खटाटोप घरच्या १३ प्रथिनांसाठी.

माणसाच्या या घरच्या डीएनएचा पूर्ण क्रम १९८१ साली इंग्लंडमध्ये वाचला गेला : ए, सी, जी, टी यांची १६,५६९ अक्षरं. तोच संदर्भक्रम ठरला. बराचसा एका बाळंतिणीच्या वारेतला (प्लॅसेंटातला), काही भाग 'हेला' नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सर पेशींचा, जिथे अक्षर लागेना तिथे गाईचा आधार. १९९९ मध्ये तीच वार पुन्हा तपासली. चुका निघाल्या, आणि एक नेमकी १६एसच्या जनुकात. ३१०६ आणि ३१०७ वर दोन 'सी' छापले होते, होता एकच.

एक अक्षर काढलं की पुढचे सगळे आकडे एकाने मागे सरकणार. ३२४३ हा आकडा तोवर डॉक्टरांच्या तोंडी बसला होता. टीआरएनए म्हणजे प्रथिनासाठी अमिनो आम्लं वाहून आणणारा छोटा आरएनए; ल्युसीन हे अमिनो आम्ल वाहणाऱ्या टीआरएनएच्या जनुकातली ही जागा. तिथे 'ए'चा 'जी' झाला की मधुमेह, बहिरेपण, कधी पक्षाघातासारखे झटके. जुन्या रिपोर्टवर ३२४३ आणि नव्यावर ३२४२, हा घोळ कोण निस्तरणार? म्हणून ३१०७ वर मोकळी जागा सोडली आणि बाकी आकडे जागच्या जागी ठेवले. नियमाला धरून बसणाऱ्यांना हे अजून खटकतं. मला नाही. राजारामपुरीतली एखादी गल्ली उद्या बुजली, म्हणून आठव्या गल्लीतला माणूस पत्त्यात सातवी लिहील का?

रायबोसोमचं जवळून दर्शन त्या मानाने अलीकडचं. २०१४-१५ मध्ये गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसलं, की इतर रायबोसोममध्ये ५एस आरएनए बसतो तिथे माणसाच्या तंतुकणिकेत व्हॅलिन या अमिनो आम्लाचा टीआरएनए आहे. त्याचं जनुक १२एस आणि १६एसच्या मधोमध, म्हणजे शेजारचाच गडी कामाला लावलेला. रायबोसोमचे भाग दोन, एक मोठा आणि एक लहान; २०१७ मध्ये अर्धवट जुळलेले मोठे भागही सापडले. लहान भाग येऊन चिकटू नये म्हणून त्यांना तीन प्रथिनांची आडकाठी घातलेली होती. त्यातलं एक तर मेदाम्लं बांधण्याच्या कामातलं.