प्रणयप्रधान सुखात्मिकेचे चित्रपट-रूपांतर

दोन माणसे एकमेकांवर प्रेम करतात, पण गैरसमज, हट्ट, वेषांतर किंवा वडीलधाऱ्यांची अट आड येते. अखेर लग्नाने किंवा लग्नाच्या आशेने पडदा पडतो. रंगभूमीवर रुळलेले असे नाटक चित्रपटात आणण्याचा प्रघात मूकपटांच्या काळापासून चालत आला आहे. शेक्सपिअरच्या सुखात्मिका, ऑस्कर वाइल्ड, बर्नार्ड शॉ आणि अमेरिकन नाटककार फिलिप बॅरी यांची नाटके ही या प्रकारातली ठळक उदाहरणे. रूपांतराची चर्चा बहुधा ‘नाटक दिवाणखान्याबाहेर कसे काढायचे’ या प्रश्नाभोवती फिरते. प्रत्यक्षात घोडे पेंड खाते ते दुसरीकडे, प्रेक्षकांच्या हशापाशी.

नाटकातला नट हशा ऐकतो, तो ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकतो. सुखात्मिकेची वाक्ये या थांब्यांच्या हिशेबाने लिहिलेली असतात. चित्रपटाला ही सोय नाही. हशासाठी जागा सोडली आणि प्रेक्षागृह गप्प राहिले, तर ती शांतता अंगावर येते. जागा सोडली नाही, तर भरलेल्या प्रेक्षागृहात पुढचे वाक्य बुडते. अमेरिकन विनोदी नट मार्क्स बंधूंनी ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ (1935) चित्रित करण्याआधी त्यातले प्रवेश रंगमंचावर करून पाहिले होते, ते हशाची लांबी मोजायलाच. हॉवर्ड हॉक्सने ‘हिज गर्ल फ्रायडे’ (1940) मध्ये उलटा मार्ग धरला. पात्रे एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवून बोलतात, हशासाठी कोणी थांबतच नाही. मूळ ‘द फ्रंट पेज’ (1928) ही खरे तर वार्ताहरांची सुखात्मिका. त्यातला हिल्डी हा पुरुष वार्ताहर चित्रपटात स्त्री झाला, शिवाय संपादकाची घटस्फोटित पत्नी, आणि संपादक-वार्ताहराची नाटकात नसलेली प्रेमकथा पडद्यावर उभी राहिली.

तिसरा मार्ग म्हणजे ऐकणाऱ्याचा चेहरा. रंगमंचावर आपण बोलणाऱ्याकडे पाहतो. कॅमेरा ऐकणाऱ्याकडे वळू शकतो, आणि प्रेमात पडणारा माणूस बोलण्यापेक्षा ऐकताना जास्त सापडतो. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मधला बागेतला प्रवेश यासाठी पाहावा. लग्नाला नाके मुरडणारा बेनेडिक आडोशाला लपला आहे, आणि बिअ‍ॅट्रिस त्याच्यासाठी झुरते आहे, असे त्याचे मित्र मुद्दाम त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत आहेत. केनेथ ब्रॅनाच्या 1993 च्या टस्कनीत चित्रित झालेल्या आवृत्तीत बेनेडिक घडीच्या खुर्चीशी झटापट करत हे ऐकतो. मग तो कारंज्यात नाचतो, बिअ‍ॅट्रिस झोपाळ्यावर झुलते आणि दोन्ही दृश्ये एकमेकांत मिसळतात. जॉस व्हीडनने आपल्या घरातच, 12 दिवसांत, कृष्णधवल चित्रित केलेल्या आवृत्तीत (2012) बेनेडिक खिडक्यांबाहेर लोळण घेत, वाकत, लपत ऐकतो. पुढे बिअ‍ॅट्रिसची पाळी आल्यावर ती जिन्यावरून गडगडत खाली येते आणि स्वयंपाकघराच्या ओट्याआड दडते. संवाद दोन्हीकडे बहुतांशी शेक्सपिअरचेच, पण हशा संवादावर न येता ऐकणाऱ्याच्या फजितीवर येतो.

नाटकात पडद्याआड घडणाऱ्या गोष्टींचे काय करायचे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. तो नैतिकही आहे. याच नाटकात बिअ‍ॅट्रिसची चुलत बहीण हीरो हिच्यावर आळ येतो तो खिडकीतल्या एका रात्रीच्या बनावामुळे. शेक्सपिअरने तो बनाव रंगमंचावर दाखवला नाही, नंतर एका पात्राच्या तोंडून कळवला. ब्रॅनाने तो दाखवला. परिणाम असा, की भर लग्नात हीरोला झिडकारणारा तिचा नियोजित वर क्लॉडिओ आपल्या डोळ्यांदेखत फसतो आणि त्याला क्षमा करणे सोपे जाते. नाटक वाचताना त्याची जितकी चीड येते, तितकी पडद्यावर येत नाही. हा बदल क्लॉडिओच्या फायद्याचा आहे. हीरोच्या फायद्याचा आहे का, याविषयी शंका आहे.

पूर्वकथा दाखवण्याचे मात्र चांगले नमुने आहेत. बॅरीच्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ या नाटकावरचा जॉर्ज क्युकरचा चित्रपट (1940) एका संवादहीन भांडणाने सुरू होतो. कॅथरीन हेपबर्न नवऱ्याचे सामान घराबाहेर आणून टाकते आणि त्याची गोल्फची काठी गुडघ्यावर मोडते. कॅरी ग्रँट मूठ उगारतो, मग विचार बदलून तळव्याने तिचा चेहरा मागे ढकलतो आणि ती आडवी होते. एवढ्यात एका संसाराचा निकाल लागतो. व्हीडनच्या चित्रपटाचा आरंभही असाच निःशब्द. पहाटे बिअ‍ॅट्रिसच्या खोलीतून बेनेडिक हळूच निघून जातो. या दोघांमध्ये पूर्वी काही घडले होते, असे सुचवणारे बिअ‍ॅट्रिसचे मोजके उद्गार मूळ संहितेत आहेतच. त्यांचे दृश्य केले आहे.

वेषांतर कॅमेऱ्याला सहसा पेलत नाही. लांबून बघणारा प्रेक्षक मुलीला मुलगा मानायला तयार असतो, क्लोज-अपमध्ये ती तयारी टिकत नाही. ट्रेव्हर नन यांनी ‘ट्वेल्फ्थ नाइट’ (1996) मध्ये मुलाचा वेष घेणाऱ्या नायिकेचे, व्हायोलाचे, केस कापणे, छाती आवळून बांधणे, मिशी लावणे हे सगळे सुरुवातीलाच दाखवून प्रेक्षकाला कटात सामील करून घेतले.

दिवाणखान्याबाहेर पडण्याचा हव्यास अनेकदा नडतो. वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ (पहिला प्रयोग 1895) वर ऑलिव्हर पार्करने 2002 मध्ये केलेल्या चित्रपटात अ‍ॅल्जर्नन बलूनमधून उतरतो. बलून डोळ्यांना छान दिसते, पण वाइल्डचा विनोद वाक्यात आहे, आणि उडत्या वस्तूकडे बघणारा प्रेक्षक वाक्य नीट ऐकत नाही. अँथनी अ‍ॅस्क्विथने 1952 मध्ये याच नाटकाच्या चित्रपटात नाटकपण लपवलेच नाही. प्रेक्षक नाट्यगृहाच्या बॉक्समध्ये येऊन बसतात, दुर्बीण डोळ्यांना लावली जाते आणि खेळ सुरू होतो. लेडी ब्रॅकनेलची भूमिका एडिथ इव्हान्सने केली. 1939 मध्ये ती हीच भूमिका रंगमंचावर करत होती. आपल्या मुलीला मागणी घालणारा जॅक तान्हेपणी एका हँडबॅगेत सापडला, हे कळल्यावर ‘हँडबॅग’ हा शब्द ती खालच्या पट्टीतून वर चढवत इतका लांबवते, की पुढे ही भूमिका करणाऱ्या प्रत्येकीला त्याचे काय करायचे ते आधी ठरवावे लागते.

हाच अ‍ॅस्क्विथ त्याआधी, 1938 मध्ये, लेस्ली हॉवर्डसह शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा दिग्दर्शक होता. तिथे बाहेर पडणे फळले. फुले विकणाऱ्या एलायझाला बोलायला शिकवून उमराव घराण्यातली म्हणून खपवायची, अशी उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स याची पैज असते. नाटकात तिचा विजय आपण फक्त ऐकतो. ती मध्यरात्री घरी परतते तेव्हा पैज जिंकलेली असते. चित्रपटासाठी राजदूताच्या घरचा समारंभ नव्याने लिहिला गेला. त्यात हिगिन्सचाच एक जुना हंगेरियन शिष्य एलायझाचे निर्दोष बोलणे ऐकून छातीठोकपणे सांगतो, की ही इंग्रज नाहीच, ही तर हंगेरीची राजकन्या. पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळाले.

सर्वांत जास्त वाद होतात ते शेवटावरून. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’च्या शेवटी केट नवऱ्याच्या आज्ञेत राहण्यावर लांबलचक भाषण करते. 1929 च्या बोलपटात मेरी पिकफोर्ड ते करताना बहिणीकडे पाहून डोळा मिचकावते आणि सगळ्या भाषणाचा अर्थ फिरतो. झेफिरेलीच्या 1967 च्या चित्रपटात एलिझाबेथ टेलर ते गंभीरपणे म्हणते, पण लगेच निघून जाते, आणि नवऱ्याला तिच्यामागे धावावे लागते. ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ने (1999) कथा शाळेत नेली आणि भाषणाऐवजी वर्गात वाचलेली कविता ठेवली.

‘पिग्मॅलियन’मध्ये एलायझा आणि हिगिन्स यांचे जमते, असे शॉला कधीच मान्य नव्हते. 1914 मधल्या लंडनच्या प्रयोगात हिगिन्सची भूमिका करणारा हर्बर्ट बीअरबोम ट्री शेवटी एलायझाकडे फुले फेकत असे, त्यावरूनही शॉ चिडला होता. 1916 मध्ये शॉने उपसंहार छापून एलायझाचे लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लावून टाकले. तरी 1938 च्या चित्रपटात एलायझा परत येते आणि हिगिन्स आपल्या सपाता कुठे आहेत, असे विचारतो. याच नाटकावरचा संगीतपट ‘माय फेअर लेडी’ (1964) त्याच वाटेने गेला. शॉने 1941 च्या आवृत्तीत चित्रपटाच्या निमित्ताने लिहिलेले काही प्रवेश नाटकाच्या संहितेत घेतले, समारंभाचा प्रवेशही घेतला. सपातांचा शेवट मात्र घेतला नाही.