जुनी क्रॉसओव्हर सांभाळताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी दहा वर्षांची झाली, मीटरने लाख किलोमीटर ओलांडले, की बहुतेक मालकांचा एकच प्रश्न असतो: हिच्यावर अजून खर्च करायचा की काढून टाकायची? गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय आम्ही याचं उत्तर देत नाही. एवढं मात्र न बघताही सांगता येतं, की या वयात गाडीचं लोखंड सहसा दगा देत नाही. आधी संपतं ते रबर, प्लास्टिक आणि आतली तेलं. होज, बुश, ऑइल सील, वायरींचे कनेक्टर, कूलंटच्या टाकीचं झाकण अशा किरकोळ वस्तू वेळेवर बदलल्या नाहीत, की त्यांच्यापायी हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील), गिअरबॉक्स, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जातात. आमच्याकडची मोठी बिलं बहुतेक अशीच तयार होतात.

क्रॉसओव्हर उंच दिसते म्हणून लोक तिला जीपसारखी दामटतात. पण तिच्याखाली वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा, इंजिन सहसा आडवं बसवलेलं, ओढ मुख्यतः पुढच्या चाकांना. म्हणजे मुळात ती कारच, फक्त जास्त उंच आणि जास्त वजनाची. ते जादा वजन लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, व्हील बेअरिंग आणि ब्रेक यांना सोसावं लागतं. बोनेटखालची जागा गच्च भरलेली, त्यामुळे उष्णताही तिथेच कोंडते. कोणते भाग आधी थकणार ते यावरूनच ठरतं.

कूलंटकडे आधी बघा

जुन्या गाडीतली एकच यंत्रणा नीट ठेवायची झाली तर आम्ही इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा निवडू. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की काम मोठंच निघतं, आणि त्याचं मूळ पुष्कळदा टाकीला पडलेल्या बारीक चिरेत किंवा ढिल्या झाकणात असतं. हे झाकण आत दाब टिकवून ठेवतं. वातावरणापेक्षा १ बार जादा दाब असला तर साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. झाकणाचं रबर किंवा स्प्रिंग गेली की दाब राहत नाही आणि कूलंट लवकर उकळायला लागतं. मग रेडिएटर बदलला जातो, पंप बदलला जातो, आणि झाकण तेच जुनं राहतं!

टाकीतली पातळी आठवड्यातून एकदा, इंजिन पूर्ण थंड असताना बघा. यंत्रणा बंदिस्त असते, त्यामुळे पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर कूलंट कुठेतरी जातंय हे नक्की. बाहेर गळत असेल तर होजच्या क्लिपांपाशी, वॉटर पंपाच्या खाली किंवा रेडिएटरच्या प्लास्टिक-ॲल्युमिनियम जोडावर वाळलेली रंगीत खपली दिसते. आत पायाशी गोडसर वास आणि पुढच्या काचेवर तेलकट धुकं येत असेल तर हीटरच्या कोअरवर (हीटरच्या छोट्या रेडिएटरवर) संशय घ्या. थंडीत गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ पांढरी वाफ निघते, तिची काळजी नको. तोच पांढरा धूर गोडसर वासाचा असेल, इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि बाहेर गळती कुठेच दिसत नसेल, तर हेड गॅस्केटची तपासणी लगेच करून घ्या.

नुसतं पाणी ओतत राहू नका. गंज रोखणारी द्रव्यं कूलंटमध्ये असतात. पाण्याने ती पातळ होत जातात आणि पाण्यातले क्षार बारीक नळ्यांत बसतात. साधारणपणे कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं मिसळतात, आणि हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. रंगावरून कूलंट निवडणं मात्र धोक्याचं. हिरवा, लाल, गुलाबी या रंगांना सगळ्या कंपन्यांचा एक नियम नाही. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला आहे तोच घाला.

तापमानाच्या काट्यावरही फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तापमान बरंच वर-खाली झालं तरी काटा मुद्दाम मधोमध ठेवलेला असतो. तो हलला म्हणजे तापमान आधीच खूप वाढलेलं असतं. कूलंट पूर्ण निघून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचा दाखवू शकतो. काटा चढला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण वेगात करा, सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. उकळतं कूलंट तोंडावर येतं. ‘थोडंच राहिलंय, पोहोचू’ असं म्हणत गाडी पुढे रेटण्यापेक्षा टो करून आणलेली बरी.

चेक इंजिनचा दिवा

दिवा स्थिर लागला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर जपून चालवत दोन-चार दिवसांत दाखवा. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. इंजिन मिसिंग करतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतंय, आणि तो कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. ॲक्सिलरेटर हलका करा आणि शक्य तितक्या लवकर थांबा.

स्कॅनरवर आलेला कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे, हे आम्हाला रोज समजवावं लागतं. कोड फक्त सांगतो की कोणतं माप हद्दीबाहेर गेलं. ‘पी ०१७१’ चा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय. तो बघून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ भेटतात, पण सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो. आम्ही अशा वेळी इंजिन चालू ठेवून फ्युएल ट्रिमचे आकडे (गाडीचा संगणक पेट्रोल किती वाढवतो किंवा कमी करतो ते) बघतो. आयडलिंगला आकडा खूप वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठल्यातरी फाटक्या होजमधून किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. उलट, वेग वाढवल्यावर आकडा चढत असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा मळका सेन्सर तपासतो. आकड्यांची ही दिशा समजायला काही मिनिटं लागतात, आणि नको तो पार्ट विकत घेणं वाचतं.

‘पी ०३०३’ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) पहिल्यावर लावून पाहायची. कोड ‘पी ०३०१’ झाला तर कॉइल गेली, तिसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन असं पुढे जायचं. ‘पी ०४२०’ कन्व्हर्टरबद्दल असतो, पण नवा कन्व्हर्टर बसवण्याआधी जुना कशामुळे गेला ते शोधायला हवं. इंजिन ऑइल जळत असेल किंवा मिसिंग तसंच असेल तर नवाही त्याच वाटेने जाईल. ‘पी ०४५५’ म्हणजे पेट्रोलची वाफ कुठेतरी मोठ्या प्रमाणात गळतेय. तो आला तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट घट्ट आहे का पाहा आणि त्याचं रबर तपासा. कधीकधी तेवढंच असतं.

एक विनंती. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. बिघाड झाला त्या क्षणाची नोंद, म्हणजे वेग, तापमान, इंजिनवरचा भार, गाडीने जपून ठेवलेली असते. वायर काढली की तीही पुसली जाऊ शकते आणि आम्हाला पहिल्यापासून शोधावं लागतं.

गिअरबॉक्स आणि चारही चाकांची ओढ

‘याचं ऑइल आयुष्यभराचं आहे’ असं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल सांगितलं जातं. कोणाचं आयुष्य, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. ऑइल उष्णतेने खराब होतंच, म्हणून त्याचा रंग आणि वास ठराविक अंतराने तपासावा आणि साधारण ६०,००० किलोमीटरच्या टप्प्यावर ते बदलावं असं आमचं मत आहे. गर्दीत आणि घाटात चालणाऱ्या गाडीचं तर नक्कीच. सीव्हीटीला, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, सीव्हीटीचंच ऑइल लागतं, दुसरं घातलं तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडू शकतात. हळू वेगात गाडी थरथरत असेल किंवा ‘डी’ला टाकल्यावर उशिरा झटका देऊन निघत असेल तर दाखवायला उशीर करू नका. पण त्या झटक्याचं कारण फाटलेलं इंजिन माउंटिंगही असू शकतं, म्हणून आम्ही आधी माउंटिंग बघतो.

चारही चाकांना ओढ असलेल्या मॉडेलमध्ये ट्रान्सफर केस (ओढ मागच्या चाकांकडे पाठवणारा गिअरचा डबा) आणि मागचं डिफरन्शियल (ती मागच्या दोन चाकांत वाटणारा) यांचं ऑइल वेगळं असतं, आणि त्यांची आठवण सहसा कोणालाच राहत नाही. पुढच्या ट्रान्सफर केसमध्ये ऑइल अगदी थोडं असतं, जवळूनच सायलेन्सरचा पाइप जातो, त्यामुळे ते लवकर काळं पडतं. अशा गाडीला एकच नवा टायर घालणं टाळा. नवा आणि झिजलेला टायर यांचा घेर वेगळा, म्हणून चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधला क्लच सतत घासत राहतो. चारही टायरच्या नक्षीच्या खोलीत साधारण २ ते ३ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढू देऊ नका, चारही चाकं वर राहतील अशा ट्रकवरच चढवा.

टायरची तारीखही बघून ठेवा. बाजूला छापलेल्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ म्हणजे २०१८ च्या २३ व्या आठवड्यातला. दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही चांगली असली तरी बदला.

आवाज कुठून येतो

खड्ड्यातून हळू जाताना पुढून ‘टकटक’ येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, मग लोअर आर्मचा बुश किंवा बॉल जॉइंट. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना ‘कटकट’ वाजलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) आधी फाटलेलं असतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. बूट फाटलं तेव्हाच बदललं तर जॉइंट वाचू शकतो. वेगाबरोबर वाढणारी ‘घूंघूं’ टायरचीही असते आणि बेअरिंगचीही. मोठ्या वळणावर ती वाढत असेल तर बेअरिंग धरा: उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा वाढली तर सहसा डावं. ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क.

सकाळी सुरू करताना काही क्षण इंजिनमधून साखळीसारखी ‘खडखड’ येत असेल तर आधी ऑइलची पातळी बघा. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. डिपस्टिकवरची खालची आणि वरची खूण यांत बऱ्याच इंजिनांत सुमारे एक लिटरचा फरक असतो. जुनी इंजिनं ऑइल थोडं खातातच, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ते कोणी बघत नाही. टायमिंग बेल्टवाल्या इंजिनात आवाजाची वाट बघूच नका. तो सहसा न सांगता तुटतो. किलोमीटर भरले नसले तरी पुस्तकातली वर्षांची मुदत पाळा.

एकदम सगळे दिवे लागले तर

एबीएस, ट्रॅक्शन, हिल असिस्ट, चार चाकांची ओढ, सगळे दिवे एकत्र लागले की लोक घाबरतात. सहसा इतकी बिघाडं एकत्र होत नाहीत. एका चाकाचा वेग मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायर गेली की त्या माहितीवर चालणाऱ्या सगळ्या यंत्रणा बाजूला होतात. दुसरं कारण अशक्त बॅटरी. गाडी काही तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली जात असेल तर बॅटरी किंवा अर्थिंगची वायर तपासावी लागते.

डिकी वर उघडणाऱ्या गाड्यांत एक खास दुखणं असतं. बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरी जातात आणि हजारो वेळा वाकून आतल्या आत तुटतात. मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा, कॅमेरा किंवा डिकीचं लॉक अधूनमधून चालत असेल तर मोटर बदलण्याआधी ती नळी सोलून बघायला सांगा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या पाण्याच्या नळ्या पावसाळ्याआधी साफ करून घ्या. त्या तुंबल्या की पाणी कार्पेटखाली जातं, तिथले कनेक्टर हिरवे पडतात आणि मग काय कधी बंद पडेल याचा नेम राहत नाही. एसीची ड्रेन नळी तुंबली तरीही पायाशी ओल येते, पण ती फक्त एसी लावल्यावर.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओल धरल्यावरची मर्यादा १५५. लांब घाट उतरताना हा फरक पायाला कळतो.

गाडी आणण्याआधी

जुनी बिलं घेऊन या, दुसऱ्या गॅरेजची असली तरी. काय बदललं गेलं यापेक्षा काय कधीच बदललं नाही ते आम्हाला त्यातून कळतं. त्रास कधी होतो ते लिहून आणा: इंजिन थंड की गरम, कोणत्या वेगाला, वळताना की सरळ, एसी चालू की बंद, टाकीत पेट्रोल किती. चालत्या गाडीत सोबतच्या माणसाला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. गळती दाखवायची असेल तर येण्याआधी इंजिन धुऊन आणू नका. आणि त्रास फक्त सकाळच्या पहिल्या सुरुवातीलाच होत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे लावा. सकाळी किल्ली आम्हीच फिरवू.