कॉम्पॅक्शन, पेज कॅश आणि ‘डोन्टनीड’चा घोळ

मे महिन्यात नागपुरात रात्री बारालाही झळा लागतात, आणि वर्दळ नसते म्हणून मोठी कॉम्पॅक्शनं (डेटाबेसच्या जुन्या फाइली वाचून, एकत्र करून नवी फाइल लिहिण्याची कामं) त्याच सुमारास लावली जातात. गायत्रीनगरच्या आयटी पार्काकडे सर्व्हर सांभाळणारी मंडळी भेटली की एक तक्रार हमखास निघते: रात्री कॉम्पॅक्शन नीट पार पडलं, डिस्कवर जागाही झाली, तरी सकाळचा पहिला तास साध्या क्वेरी रखडतात. बोल डिस्कला लागतो. पण एनव्हीएमई म्हणजे वेगवान एसएसडी लावूनही दुखणं पुरतं जात नाही. वाचलेल्या फाइलींचे तुकडे, म्हणजे ‘पानं’, ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत धरून ठेवते, ती पेज कॅश. रात्रीच्या कामाने दिवसाची पानं तिच्यातून हुसकावलेली असतात, आणि सकाळी ती एकेक करून पुन्हा वर आणावी लागतात.

ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश डेटाबेसच्या सोयीची नाही, ही कुरकुर १९८१ पासून छापील स्वरूपात आहे. मधली वर्षं सोडून देतो. १९९६ च्या एलएसएम-ट्रीवरच्या (नवं लिखाण आधी मेमरीत घेऊन मग डिस्कवरच्या डेटात मिसळणाऱ्या रचनेवरच्या) निबंधात कॉम्पॅक्शनचं नाव ‘रोलिंग मर्ज’ होतं. मायनर, मर्जिंग आणि मेजर कॉम्पॅक्शन ही विभागणी गूगलच्या बिगटेबल या डेटाबेसवरच्या २००६ च्या निबंधामुळे सर्वांच्या तोंडी बसली. त्यात २०१० साली लिनक्स कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, (आवृत्ती २.६.३५) मेमरीतली विखुरलेली पानं सलग लावण्याच्या कामालाही कॉम्पॅक्शनच म्हटलं. डेटाबेसचं कॉम्पॅक्शन हळू चालतं म्हणून कर्नलच्या ‘कॉम्पॅक्ट_मेमरी’ या सेटिंगमध्ये १ लिहून बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्याचा इथे काडीचा संबंध नाही.

खरा वाद मात्र वेगळ्याच शब्दावर झाला. २००३ च्या सुमारास लिनक्समध्ये ‘पॉझिक्स_एफअ‍ॅडव्हाइज’ आलं. फाइल कशी वाचणार हे प्रोग्रामने कर्नलला सांगायचं, एवढीच कल्पना. त्यातल्या ‘डोन्टनीड’वर डेटाबेसवाल्यांच्या उड्या पडल्या: कॉम्पॅक्शन फाइल एकदाच वाचतं, मग वाचून झालं की ‘नको’ म्हणायचं आणि कॅश मोकळी. कॅसँड्रा या डेटाबेसच्या ०.७ आवृत्तीत कॉम्पॅक्शनच्या लिखाणाने आणि सलग वाचनाने कॅश खराब होऊ नये, म्हणून याच वाटेचा उपाय आला.

कागदावर गणित सुटलं होतं. अडचण पहिली, म्हणजे लिहिलेली पण डिस्कवर न गेलेली पानं डोन्टनीडने हलत नाहीत. आधी एफडेटासिंक करा, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर उतरवा, मग नको म्हणा. हा क्रम चुकला की हुकूम सुटतो, पण पानं जिथल्या तिथे. दुसरी अडचण मुळाशीच आहे. पेज कॅश प्रक्रियेगणिक वेगळी नसते, फाइलचं पान सगळ्यांचं मिळून एकच. कॉम्पॅक्शन जी जुनी फाइल वाचतं, तीच फाइल त्या क्षणी ग्राहकांच्या क्वेरीही वाचत असतात. कळमना बाजारात एकाच ढिगातली संत्री आडत्या मोजतोय आणि हमालही उचलतोय. हमालाचं काम झालं म्हणून अख्खा ढीग उचलून नेला, तर आडत्याने काय मोजायचं? डोन्टनीड नेमकं हेच करतं. ‘मला नको’ एवढंच म्हणायचं असतं, कर्नल ‘कुणालाच नको’ असं समजतं.

माझं मत लपवत नाही: हा सल्ल्याच्या नावाखाली दिलेला हुकूम आहे, आणि गरम, म्हणजे सतत वाचल्या जाणाऱ्या, फाइलींवर तो चालवणं ही चूकच होती. सौम्य पर्याय ‘नोरीयूज’ (पुन्हा वापरणार नाही) नावाने त्याच यादीत होता. पण कर्नल २.६.१८ पासून २०२३ च्या ६.३ पर्यंत तो ऐकून न ऐकल्यासारखा होता. साधारण सोळा-सतरा वर्षं लोक ते कोडमध्ये लिहीत राहिले आणि काहीही घडत नव्हतं.

दुसरी वाट म्हणजे कॅशला वळसा घालणारं डायरेक्ट आयओ. लिनक्समध्ये ते २.४.१० पासून, म्हणजे २००१ चं. कर्नलच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, त्या रचनेची माकडावरून उडवलेली खिल्ली वर्षानुवर्षं मॅन पेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत, छापून येत होती. रॉक्सडीबी या डेटाबेसने फ्लश (मेमरीतला डेटा फाइलीत उतरवणं) आणि कॉम्पॅक्शनपुरतं डायरेक्ट आयओ चालू करायची वेगळी सोय दिली. पण कॅश सोडली की कर्नलचं रीडअहेडही, म्हणजे पुढचा भाग आधीच वाचून ठेवणंही, सुटतं. ते डेटाबेसच्या कॉम्पॅक्शन-रीडअहेड या सेटिंगने, साधारण २ एमबीच्या टप्प्याने, आपणच भरून काढायचं. शिवाय नवी फाइल थंडच, म्हणजे कॅशमध्ये नसलेली, जन्माला येते, त्यामुळे डेटाबेसची स्वतःची ब्लॉक कॅश ऐसपैस नसेल तर सकाळचा तास आणखी लांबतो.

कॅसँड्रा २.१ ने २०१४ साली काढलेली युक्ती मला त्या मानाने शहाणी वाटते. नवी फाइल पुरी होण्याची वाट न पाहता दर ५० एमबीला तिचा तयार भाग वाचकांसाठी उघडायचा. वाचन हळूहळू जुन्यावरून नव्यावर सरकतं आणि कॅश आपोआप गरम होत जाते. पोस्टग्रेस या डेटाबेसने त्याआधीच, ८.३ मध्ये, व्हॅक्यूमला (जुन्या, निरुपयोगी नोंदी साफ करणाऱ्या कामाला) २५६ केबीच्या बफरांच्या छोट्या रिंगमध्ये कोंडलं होतं. त्या रिंगने पोस्टग्रेसचे स्वतःचे बफर शाबूत राहतात, खालची पेज कॅश नाही.

लिखाणाची बाजू लोक विसरतात. डिस्कवर न गेलेली पानं मेमरीत किती साचू द्यायची याची मर्यादा, म्हणजे डर्टी रेशो, मुळात २० टक्के असतो. ६४ जीबीच्या सर्व्हरवर त्याचे बारा-एक जीबी होतात. कॉम्पॅक्शन तेवढं भराभर ओततं, मग कर्नल लिहिणाऱ्यांचा गळा आवळतं आणि सगळंच थबकतं. कॅसँड्राचं ट्रिकल एफसिंक, रॉक्सडीबीचं बाइट्स-पर-सिंक ही, थोडंथोडं डिस्कवर उतरवत राहणारी, याच धक्क्यावरची औषधं. कंटेनरमध्ये (मेमरीची मर्यादा घालून प्रोग्राम चालवायच्या वेगळ्या कप्प्यात) पेज कॅशही त्या कंटेनरच्याच मेमरीत मोजली जाते, तेव्हा होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, मेमरी पडून असतानाही आतली कॅश उडते.

२०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या कर्नल ६.१४ मध्ये ‘डोन्टकॅश’ आलं. हीच कल्पना २०१९ मध्ये वेगळ्या नावाने मांडली गेली होती. वाचन-लिखाण कॅशमधूनच होतं, पण काम संपल्यावर या वाचनाने आणलेलीच पानं जातात. आधीपासून असलेली जागची हलत नाहीत. म्हणजे हमालाने आपली पाटी नेली, आडत्याचा ढीग शाबूत. फाइलसिस्टिमची मात्र त्याला साथ लागते, आणि आमच्या ओळखीतले बहुतेक सर्व्हर अजून बऱ्याच मागच्या कर्नलवर आहेत. तिथे निदान कॉम्पॅक्शनच्या आधी आणि नंतर एकेकदा ‘फिनकोर’ ही आज्ञा चालवून बघावं: गरम फाइलींची किती पानं मेमरीत होती, आणि किती उरली.