एडझेलची बाग: भिंतीवर कोरलेले सात वार

स्कॉटलंडला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत किल्ला म्हणजे बहुतेक वेळा एडिनबर्गचाच असतो. एक दिवस हाताशी असेल तर तिथून उत्तरेला अंगस परगण्यात जावं. ब्रीचिन गावापासून साधारण 10 किलोमीटरवर एडझेलचा किल्ला आहे. किल्ला पडका आहे. जायचं ते त्याला लागून असलेल्या बागेसाठी, आणि बागेतही आधी भिंती बघायच्या.

हा किल्ला लिंडसे घराण्याचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राहता बुरूज उभा राहिला, मग त्याभोवती चौक आणि वाडा वाढत गेला. 1562 मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी इथे मुक्कामाला होती. पण एडझेलला आज जे महत्त्व आहे ते सर डेव्हिड लिंडसे या एका माणसामुळे. युरोपात शिकलेला, पुढे न्यायाधीश झालेला हा गृहस्थ. आपल्या जमिनीत खनिजं सापडतील या आशेने त्याने जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून खाणीतली जाणकार माणसं बोलावली होती. 1604 मध्ये त्याने किल्ल्याला लागून ही बाग बांधून घेतली. बांधून घेतली हाच शब्द बरोबर, कारण तिचा खरा ऐवज दगडात आहे.

बाग सुमारे 52 मीटर लांब, 43 मीटर रुंद. भिंती दोन पुरुष उंच. पूर्वेच्या भिंतीवर सात ग्रहदेवता कोरल्या आहेत, दक्षिणेच्या भिंतीवर सात विद्या, पश्चिमेच्या भिंतीवर सात सद्गुण. हातात कंपास घेतलेली भूमिती, तराजू धरलेला न्याय. ग्रहांचे नमुने जर्मन छापील चित्रांवरून घेतलेले आहेत. आता ते सात ग्रह मोजा: सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. आपले सात वार! राहू-केतू तेवढे नाहीत. ग्रीक-रोमन जगातली ही ग्रहगणना एका वाटेने आपल्या पंचांगात आली आणि दुसऱ्या वाटेने या स्कॉटिश भिंतीवर पोचली. मराठी माणसाला इथे माहितीपत्रकाची फारशी गरज पडू नये असं मला वाटतं.

कोरीव फलकांच्या मधल्या जागेत भिंतीला चौकोनी कोनाडे आहेत, बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून, आणि त्यांच्या वर सात टोकांच्या चांदण्या. पट आणि चांदण्या ही लिंडसेंच्या कुलचिन्हातली खूण. त्या कोनाड्यांत फुलं लावली की भिंतच घराण्याची ढाल होते. चांदण्यांच्या मधोमध भोकं आहेत. ती पाखरांना घरटी करायला ठेवली असावीत असा अंदाज आहे. हे मला फार आवडतं.

एवढ्या हौसेची किंमत मोजावी लागली. सर डेव्हिड 1610 मध्ये वारला तो डोक्यावर भलंमोठं कर्ज ठेवून, आणि त्याने काढलेलं वाड्याचं उत्तरेकडचं बांधकाम अर्धवटच राहिलं. घराणं पुन्हा सावरलं नाही. 1715 मध्ये जहागीर विकली गेली. घेणारा सरदार, पॅनम्यूरचा अर्ल, त्याच वर्षीच्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने झालेल्या उठावात, सामील झाला आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. पुढे सरकारी सैन्याच्या मुक्कामात वाड्याची नासधूस झाली. 1764 मध्ये घेणेकऱ्यांची देणी फेडण्यासाठी छपरंही उतरवली. बागेच्या भिंती मात्र उभ्या राहिल्या.

1932 मध्ये बाग सरकारी देखभालीखाली आली. आज दिसणारी कातरलेली कुंपणं, त्यातली काटेफूल (थिसल, स्कॉटलंडचं राष्ट्रीय फूल) आणि गुलाबाची नक्षी, ‘श्वास आहे तोवर आशा आहे’ या अर्थाचं लॅटिन ब्रीद, ही सगळी त्या दशकातली लागवड. देखणी आहे, पण सर डेव्हिडची नव्हे. त्याच्या वाफ्यांत काय होतं याचा मागमूस उरलेला नाही. म्हणून फोटो कुंपणांचे काढा, वेळ भिंतींना द्या.

आणि वेळ जमवूनच जा. किल्ला हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या संस्थेकडे आहे. निघण्याआधी तिच्या संकेतस्थळावर उघडण्याचे दिवस बघून घ्यावेत. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन सकाळी पडतं, म्हणजे आधी सद्गुण. दक्षिणेची भिंत बहुतेक वेळ सावलीतच असते. तिथल्या विद्या जवळ जाऊन बघाव्या लागतात. ग्रह दुपारनंतर ठेवा. कलत्या उन्हात लाल वालुकाश्मावरची झिजलेली रेघही उठून दिसते.