ठासलेली बंदूक आणि घरातली मुलं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे गेलं की रान शेताच्या बांधाला येऊन भिडतं. भात पोटरीला आलं की रानडुकरं आणि गवे खाली उतरतात. इथल्या घरांत बंदूक आली ती या राखणीसाठी.

1878 च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केला, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. 1956 ला ते म्हैसूर राज्यात गेलं. 1959 च्या नव्या कायद्यात, 13 व्या कलमात, पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख झाला. परवान्यासाठी 21 वर्षांची अट त्याच कायद्यात 1983 च्या दुरुस्तीने आली; आधी ती 16 होती. पण पोराला परवाना नसला तरी बंदूक असते त्याच्याच घरात.

खरी गोम ठासणीत आहे. नळीच्या तोंडातून दारू, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि मागे केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी. भरलेला बार काढायचा तर उडवावा लागतो, नाहीतर बोळा ओढून काढत बसावं लागतं. रात्रभर डुक्कर फिरकलंच नाही तर पहाटे बार वाया कोण घालवणार? केप काढतात आणि बंदूक आढ्याला अडकवतात. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, ही समजूत फार घातक आहे. दारू आणि छर्रे आतच असतात, केपांची डबी बहुधा जवळच्याच कोनाड्यात. दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलाचा चाप ओढायला शिकलेल्या पोराला पुढचं सांगावं लागत नाही. बारा बोरची बंदूक मधून उघडली की काडतूस दिसतं. ठासणीची भरलेली आहे का, ते बाहेरून ओळखू येत नाही. जाणती माणसं नळीत ठासायचा गज सोडून बघतात: नेहमीपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर आत बार आहे.

खंडेनवमीला हीच बंदूक पाटावर पूजेला येते आणि मुलं तिला हात लावून नमस्कार करतात. त्याआधी मोठ्यांनी गज घालून बघितलंच पाहिजे.

2016 च्या नियमांनी हाताळणीचं प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी या गोष्टी परवान्याशी जोडल्या. जुन्या घरांत मात्र आजोबांची खुंटीच चालू आहे. मुलांना ती ठाऊक असते, कितीही उंच असली तरी. बंदूक रिकामी करून कुलपात, दारू-केपा किंवा काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली परवानाधारकाकडे, एवढं करायला लोखंडी पेटी पुरते. निवडणुकीच्या काळात बऱ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. बंदूक परत आणली की गज घालून ती रिकामी आहे ना ते बघावं आणि थेट त्या पेटीतच ठेवावी.