मॅच बघताना बॉल लागला, कोर्टाने भरपाई ठरवली, आता अपील करायचंय?

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टातून निकाल आला की बरेच जण पंधरा दिवस नुसती चर्चा करण्यात घालवतात आणि मग आमच्याकडे येतात, प्लीज असं करू नका. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा, म्हणजे निकालाच्या अधिकृत प्रतीचा, अर्ज टाका, कारण नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस मुदतीतून वगळतात पण अर्ज टाकायलाच उशीर केलात तर ते दिवस तुमचे गेले. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, हायकोर्टात 90. कुठे जायचं ते दाव्याच्या रकमेवर ठरतं, आणि हायकोर्ट म्हणजे आपल्याला मुंबईच, कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये पुणे जिल्हा येत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनो, क्लबवाल्यांनो, नुसतं अपील दाखल केलं म्हणून वसुली थांबत नाही! स्टे वेगळा मागावा लागतो, आणि पैशाची डिक्री, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा हुकूम, असली की कोर्ट सहसा रक्कम भरा नाहीतर सिक्युरिटी द्या म्हणतं. एका मंडळाला वाटलं अपिलाला नंबर पडला म्हणजे झालं, तोवर समोरच्याने दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावून बँक खातं जप्त करवलं, तेही गणपतीच्या तोंडावर.

जिंकायचे चान्स किती, हे सगळेच विचारतात. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर 1930 साली रेसची गाडी कठडा तोडून लोकांत घुसली, ज्युरीने जखमी प्रेक्षकाला भरपाई दिली पण अपिलात ती रद्द झाली, कारण तोवर तिथे असं कधी घडलंच नव्हतं. म्हणजे धोका आधी दिसत होता का, हा खरा मुद्दा. तुमच्या ग्राउंडची जाळी फाटलेली होती आणि दोन जणांनी आधी सांगितलंही होतं, तर तो निकाल तुम्हाला वाचवणार नाही, हे आम्ही तोंडावर सांगतो.

ज्यांना लागलंय त्यांनीही गप्प बसू नये. समोरच्याने अपील केलं आणि तुम्हाला रक्कम कमी वाटतेय, तर नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात क्रॉस ऑब्जेक्शन, म्हणजे त्याच अपिलात तुमची उलट हरकत, टाकता येतं. मात्र नवीन पुरावा अपिलात सहजासहजी घेत नाहीत, त्यामुळे दवाखान्याची बिलं, जाळीचे फोटो हे सगळं खालच्या कोर्टातच जायला हवं.

येताना पूर्ण निकाल आणा. शेवटचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून काही सांगता येत नाही, रक्कम का दिली ते आतल्या पानांत असतं.