शिडाची होडी : काचतंतू-कवचाची दुरुस्ती

काचतंतू (फायबरग्लास) व रेझिन (घट्ट होणारा राळेसारखा द्रव) यांच्या थरांनी घडवलेल्या जुन्या होडीच्या भार वाहणाऱ्या भागांतील इजा काढून त्यांची ताकद पूर्ववत करण्याची प्रक्रिया. तळ, कण्याची (कील) बैठक, आडभिंतींचे सांधे व डोलकाठीचा ताण पेलणाऱ्या पट्ट्यांची जागा हे असे भाग होत. जेलकोटवरचे (कवचाच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावरचे) ओरखडे यात मोडत नाहीत. मात्र एका बिंदूपासून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा आतल्या इजेची खूण असू शकतात.

काचतंतूच्या होडीचा आरंभ वादग्रस्त आहे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास पॉलिएस्टर रेझिन वापरून होडी केली, असे सामान्यतः मानतात. काहीजण हा मान आधीच्या प्रयोगांना देतात. परंतु योग्य पॉलिएस्टर रेझिन १९४० च्या आसपासच हाती आल्याने १९४२ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. नव्या पदार्थाचा भरवसा नसल्याने सुरुवातीची कवचे जाड घातली गेली असे सांगतात, पण ते सरसकट खरे धरू नये.

तपासणी कानाने होते. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने ठोकत गेल्यास निरोगी कवच खणखणते. थर सुटले असतील किंवा काही कवचांत थरांच्या मधोमध भरलेले बाल्सा हे हलके लाकूड कुजले असेल, तर आवाज बद्द येतो.

दुरुस्तीचा कस सांध्यात लागतो. ताजे पॉलिएस्टर ताज्या थराशी रासायनिक रीत्या जोडले जाते. जुन्या, पक्क्या झालेल्या थराला ते केवळ चिकटते. म्हणून येथे इपॉक्सी हे अधिक घट्ट चिकटणारे रेझिन पसंत करतात. खराब भाग कापून कडा १२ ला १ अशा उताराने घासतात : ६ मिमी जाडीच्या कवचाला भोकाभोवती सुमारे ७२ मिमी रुंद उतार लागतो. त्यावर काचतंतूच्या कापडाचे तुकडे बसवताना लहान आधी की मोठा आधी, याबाबत मतभेद आहे. लहान आधी बसवल्यास नवे थर मूळ थरांच्या रांगेत येतात; मोठा आधी बसवल्यास संपूर्ण उतारावर एकच अखंड थर चिकटतो आणि शेवटच्या घासाईत तो कापला जात नाही. दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते.

नाशिकमध्ये पाण्याची टाकी किंवा गाडीचा बंपर फुटला, की भोकावर मॅट (काचतंतूची चटई) ठेवून रेझिन फासतात व वरून लांबी (पुट्टी) भरतात. टाकीला ते चालते, होडीच्या तळाला नाही. शहरालगतच्या गंगापूर धरणाचे पाणी गोडे असल्याने होडी तेथे सुखरूप राहते, हाही गैरसमजच. कवचात पाणी शिरून येणारे परासरणाचे फोड खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर उठू शकतात. फोड उघडून कवच पूर्ण वाळल्याशिवाय नवे थर देत नाहीत.

पॉलिएस्टरच्या कामात कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आधी रेझिनमध्ये घोटतात, हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) नंतर घालतात. दोन्ही थेट एकत्र आल्यास भडका उडतो. मे महिन्याच्या दुपारी मिश्रण भांड्यातच गरम होऊन घट्ट होते, तर जानेवारीच्या गारठ्यात रात्रभर ओले राहते. पावसाळ्यात इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन, कोरडा करून, पॉलिश पेपर मारल्यावरच पुढचा हात देतात.